स्मृतिभ्रंश: रुग्णाला सांभाळणाऱ्याची तब्येत कोण बघणार?

घरातलं म्हातारं माणूस तेच तेच विचारायला लागलं, जेवून उठलं आणि अर्ध्या तासात शेजारी जाऊन 'मला दोन दिवस कुणी जेवायला घातलं नाही' म्हणून सांगायला लागलं, की आपल्याकडं आधी हसण्यावारी नेतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तयारच आहे. मग कुणी म्हातारचळ म्हणतं, कुणी बाहेरचं म्हणतं, एखाद्या देवऋषाकडं फेरी होते. दवाखान्याची वेळ बऱ्याच उशिरा येते. तिथं कळतं की हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. हा मेंदूचा आजार आहे, वय झालं म्हणून तो प्रत्येकाला होत नाही. आणि अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध अजून निघालेलं नाही.

या आजाराबद्दल आता थोडंफार छापून येतं. हा लेख मात्र रुग्णाच्या खाटेशेजारी जे माणूस रात्री जागं असतं, त्याच्याबद्दल आहे. त्याचं नाव केसपेपरवर कुठं नसतं. भेटायला येणारे पाहुणे म्हाताऱ्याची चौकशी करतात, चहा पितात आणि जातात. चहा करणारीला कुणी विचारत नाही. बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर म्हाताऱ्याची बायको, जिची स्वतःची सत्तरी उलटलेली असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची जेवढे तास सेवा होते, त्यातले 70 टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. आपल्या तालुक्यांत कुणी मोजणी केली तर आकडा याच्या वरच जाईल, असं माझं मत आहे.

आपल्या गावात किती घरं?

2023 साली एक देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात 60 वर्षांवरच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के आहे, म्हणजे साधारण 88 लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त, हेही त्यात आलं. गावाचा हिशोब करून बघा. तीन हजार वस्तीच्या गावात साठीच्या वरची साडेतीनशे माणसं धरली, तर पंचवीसच्या आसपास रुग्ण निघतात. तेवढीच घरं, आणि तेवढीच सांभाळणारी माणसं. एवढी माणसं काविळीनं आजारी पडली असती तर गावात आरोग्य खात्याची गाडी आली असती.

माण, खटाव, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. घरटी एखादा पोरगा सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेर, कुणी तमिळनाडूत, कुणी केरळात, कुणी पार उत्तरेत. उरलेली मुंबई-पुण्याला. गावात घर आहे, दोन म्हशी आहेत, म्हातारा-म्हातारी आहेत आणि एक सून आहे. नवरा गावातच असला तरी रात्रीची लाईट असली की तो मोटार चालू करायला रानात, आणि इकडं घरात म्हातारी दोन वाजता उठून कडी वाजवतेय, 'मला माझ्या घरी जायचंय' म्हणून. चाळीस वर्षं ज्या घरात काढली ते घर तिला परकं झालेलं असतं. पहाटे पाचला दुधाची धार काढायची असते, डेअरीची गाडी थांबत नाही.

काय काय मोडतं

पहिली जाते ती झोप. एक-दोन रात्री जागरण झालं तर माणूस भरून काढतं. महिनोन्‌महिने रोज दोन-तीनदा उठायला लागलं की डोकं चालेनासं होतं, चिडचिड वाढते, गॅसवर दूध उतू जातं, रक्तदाब चढतो. मधुमेह असला तर साखर हाताबाहेर जाते. दुसरी जाते कंबर. उठता न येणाऱ्या माणसाला न्हाणीत नेणं, खाटेवर सरकवणं हे काम पोतं उचलण्यापेक्षा अवघड, कारण पोतं हिसका देत नाही. तिसरं म्हणजे स्वतःची औषधं आणि तपासण्या. सासूच्या गोळ्या वेळेवर देणारी बाई स्वतःची बीपीची गोळी आठ-आठ दिवस विसरते. जेवण उभ्या उभ्या. माहेरी जाणं बंद, वारी बंद, लग्नकार्य बंद.

मनाचं तर बोलायलाच नको. सांभाळणाऱ्यांमध्ये उदासीनता आणि घोर लागून राहणं यांचं प्रमाण जास्त असतं, हे जगभरच्या अभ्यासांत परत परत दिसलं आहे. पण आपल्याकडं ते बोलून दाखवायची सोय नाही. 'हे कधी सुटणार' असं मनात आलं की त्या बाईला स्वतःचीच शिसारी येते. असा विचार येणं म्हणजे वाईट माणूस असणं नव्हे. वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो कधीतरी येऊन जातो. तो कुणाजवळ तरी बोलता आला पाहिजे, एवढंच.

दुःखही वेगळंच असतं. माणूस समोर बसलेलं आहे, पण ते आपल्याला ओळखत नाही. मेलेल्या माणसासाठी रडता येतं, चार लोक घरी येतात. इथं रडायला निमित्तच नाही. 'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा मराठी सिनेमा ज्यांनी बघितला नसेल त्यांनी बघावा. त्यात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृतच्या विद्वानाचं काम केलंय. पण मला त्यात जास्त लक्षात राहिली ती त्यांची लेक, बापाची माया आणि स्वतःचा संसार यांच्यात ओढली जाणारी.

आळ कुणावर येतो?

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण गावात सर्वांत जास्त घरं यानं फुटतात.

स्मृतिभ्रंशात वस्तू कुठं ठेवली ते आठवत नाही. मग ती कुणीतरी चोरली असं रुग्णाला खरंच वाटतं. आळ सगळ्यात जवळ असलेल्या माणसावर येतो, म्हणजे सुनेवर. 'माझी पाटली हिनं मोडली', 'मला शिळं घालती', 'मला मारती' असं म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. सांगताना ती खोटं बोलत नसते, आजार तिला तसं दाखवतो. ऐकणाऱ्याला मात्र ते पटतं, कारण सासू-सुनेची गोष्ट आपल्याला आधीपासून पाठ आहे.

त्यात महिन्यातून एकदा येणारी लेक. पाहुणं आलं की रुग्ण सावरून बसतो, दोन-तीन तास बरा बोलतो. जुन्या आठवणी तर चांगल्याच सांगतो, कारण जुनं उशिरा पुसलं जातं. लेक म्हणते, 'आई तर चांगली आहे की, तुम्हीच उगं बाऊ करताय.' ती गाडीत बसली की संध्याकाळी परत तोच गोंधळ. याला उपाय एकच. ज्या भावा-बहिणींना मत द्यायचंय त्यांनी एक पूर्ण दिवस आणि मुख्य म्हणजे एक पूर्ण रात्र एकट्यानं रुग्णाजवळ काढावी. घरातल्या बाकीच्यांनी त्या रात्री दुसऱ्या घरी झोपायला जावं. सकाळी पंचायत बसवायची गरज उरत नाही.

माझ्या चुलतीला हा आजार आठ वर्षं होता. तिच्या सुनेनं एक गोष्ट केली ती मला फार शहाणपणाची वाटली. निदान झाल्यावर नवऱ्याला सोबत घेऊन ती आळीतल्या दहा-बारा घरांत गेली आणि सांगितलं, आत्यांना असा असा आजार झालाय, त्या माझ्याविषयी काहीबाही बोलतील, तुम्ही 'बरं बरं' म्हणा आणि मला फोन करा. त्या कागदाची झेरॉक्ससुद्धा तिनं दाखवली. पुढं चुलती दोनदा वाट चुकून ओढ्याकडं गेली तेव्हा त्याच घरांतून फोन आले. आजार झाकून ठेवणाऱ्या घराला ही मदत मिळत नाही.

गोव्यातला प्रयोग

आपल्याकडं म्हणतात, हे असले उपाय शहरातले, तज्ज्ञ डॉक्टर असले तरच होणार. म्हणून गोव्यातलं एक काम माहीत असायला हवं. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांत 81 कुटुंबांवर एक अभ्यास केला. तो 2008 साली प्रसिद्ध झाला. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आणि त्याला सांभाळणारं माणूस, अशी ही कुटुंबं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला सहा महिने मदत दिली, दुसऱ्या गटाला नंतर.

मदत देणारे डॉक्टर नव्हते. लिहिता-वाचता येणारी, कोंकणी बोलणारी, म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायची आवड असलेली स्थानिक माणसं निवडून त्यांना शिकवलं होतं. ती निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जायची. आजार काय आहे ते समजावून सांगायची, रुग्ण अंगावर धावून आला, हट्ट करायला लागला तर काय करायचं ते सांगायची, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायची, सरकारी योजनांची माहिती द्यायची, गरज पडली तर मानसोपचार डॉक्टरकडं पाठवायची. पाठीशी एक समुपदेशक आणि डॉक्टर होते.

सहा महिन्यांनी काय झालं? रुग्णाच्या वागण्यात किंवा कामं करण्याच्या ताकदीत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. आजार आजाराच्या जागी होता. पण सांभाळणाऱ्याचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं आणि रुग्णाच्या त्याच वागण्याचा होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्ण बरा झाला नाही तरी सांभाळणारी बरी होऊ शकते, हे यातून कळतं. आणि त्यासाठी लागलं काय, तर पंधरा दिवसांतून एकदा दार वाजवणारं, समजून घेणारं माणूस. आपल्या आशाताई, उपकेंद्रावरच्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी हे काम शिकवलं तर करू शकतात. त्यांच्यावर आधीच कामाचा किती बोजा आहे हेही खरं आहे, आणि मानधन न वाढवता नवीन काम लादणं बरोबर नाही.

पाण्याच्या पाळीसारखी पाळी लावा

आता घरात काय करायचं ते. 'लागलं तर सांग, आम्ही आहोत' या वाक्याचा सांभाळणारीला काडीचा उपयोग नसतो, कारण ती कधीच सांगत नाही. सामाईक विहिरीवर आपण काय करतो? अमक्या वारी अमक्याची पाळी, इतके तास. पाळी चुकली की पीक वाळतं, म्हणून तिथं कुणी 'बघू जमलं तर' म्हणत नाही. सेवेची पाळी अशीच बांधून घ्यायची, वार आणि तास ठरवून, कॅलेंडरवर लिहून.

निदान दोन रात्री आठवड्यातून सांभाळणारीची झोप सलग झाली पाहिजे. त्या रात्री दुसऱ्या कुणीतरी रुग्णाच्या खोलीत झोपायचं आणि हिनं दुसऱ्या खोलीत, दार लावून. सासऱ्याला अंघोळ घालणं, दाढी करणं, लंगोट बदलणं हे मुलाचं आणि नातवाचं काम आहे. ते सुनेवर टाकणं दोघांनाही अवघड जातं. बाहेरगावचा भाऊ येऊ शकत नसेल तर त्यानं पैसे पाठवावेत, आणि ते औषधाला म्हणून न पाठवता मदतीला बाई लावायला म्हणून पाठवावेत. वर्षातून निदान पंधरा दिवस, जत्रेला येतात तेव्हा, आई-बापाची पूर्ण जबाबदारी त्यानं आणि त्याच्या बायकोनं घ्यावी. या वेळी गावातली जाऊ माहेरी जाईल.

खुरपणीला रोजानं बाई लावायला आपल्याला लाज वाटत नाही. आईजवळ दुपारचं तीन तास बसायला बाई लावली तर मात्र 'लोक काय म्हणतील'. लोक म्हणतात ते म्हणू द्यावं. सल्ला देणारे पुष्कळ असतात, चादर धुणारं कुणी येत नाही. आळीतली एखादी जाणती बाई अर्ध्या रोजावर येते, म्हातारीशी जुन्या गोष्टी बोलत बसते. तेवढ्या वेळात सांभाळणारीनं घरकाम उरकायचं नाही. झोपायचं, नाहीतर बाहेर पडायचं.

बचत गटाची मासिक बैठक चुकवू नये. गटात अशाच आणखी दोन घरच्या बायका निघतात, असा माझा अनुभव आहे. त्या तिघी पिंपळाखाली अर्धा तास बसल्या तरी शहरात ज्याला आधारगट म्हणतात तोच झाला.

वागणं समजून घेतलं की दम कमी लागतो

वाद घालू नये, हा पहिला नियम. 'आज कुठला वार' हे विसाव्यांदा विचारलं तरी विसाव्यांदा शांतपणे सांगायचं. 'आत्ताच सांगितलं की' म्हणून उपयोग नाही, कारण ते आत्ताचं त्यांच्याजवळ नाही. 'घरी जायचंय' म्हटल्यावर 'हेच तुझं घर' असं पटवत बसू नये. 'जाऊ की, आधी चहा घेऊ' म्हणावं, अंगणातून एक फेरी मारून आणावी. पाटली चोरीला गेली म्हटली की 'चला, शोधू' म्हणून सोबत शोधायला लागावं.

दिवे लागायच्या वेळेला अस्वस्थपणा वाढतो, हे पुष्कळ रुग्णांत दिसतं. त्या आधी खोलीत चांगला उजेड करावा, टीव्ही बारीक करावा. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये. सकाळचं ऊन अंगावर घ्यावं, चारनंतर चहा नको, झोपायच्या आधी लघवीला नेऊन आणावं. दिवसा हाताला काम द्यावं: शेंगा फोडणं, लसूण सोलणं, वाती वळणं, भाजी निवडणं. काम नीट झालं नाही तरी चालतं. हात गुंतले की घोर कमी होतो आणि रात्र बरी जाते. रुग्ण झोपला तरच सांभाळणारी झोपते, म्हणून हे सगळं तिच्याच तब्येतीचं औषध आहे.

एक गोष्ट मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. रुग्ण दोन-चार दिवसांत एकदम बिघडला, बडबडायला लागला किंवा सुस्त पडला, तर 'आजार वाढला' म्हणून घरात ठेवू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी-मीठ कमी होणं, बद्धकोष्ठ, नवीन सुरू केलेली गोळी, पडून डोक्याला लागलेला मार, यातलं काहीही असू शकतं आणि ते बरं होणारं असतं. तसंच निदान करतानाच बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यावं, उदासीनता आहे का तेही बघून घ्यावं. त्यानंही विसर पडतो आणि त्यावर इलाज आहे. डोनेपेझिल, मेमँटिन अशी औषधं काही रुग्णांना काही काळ आधार देतात, आजार मुळातून काढत नाहीत. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. त्यानं तोल जाऊन पडणं वाढतं आणि गोंधळही वाढतो. मोबाईलवर फिरणाऱ्या स्मरणशक्तीच्या चूर्णावर पैसे घालवण्यापेक्षा तेच पैसे दुपारच्या बाईला द्यावेत.

शेतकऱ्याच्या घरातले धोके

शहरातल्या पुस्तकांत हे नसतं. विहिरीला कठडा नसेल तर निदान जाळी, शेततळ्याला कुंपण. विळे, कुऱ्हाड, चाफ कटरचं बटण हाताला लागणार नाही असं. गॅसचा कॉक सिलिंडरवरच बंद. दाराला आतून कुलूप घालून रुग्णाला कोंडू नये, आग लागली तर जीव जाईल. त्यापेक्षा दाराला म्हशीच्या गळ्यातली घंटा बांधावी, दार हललं की कळतं. अशी घंटा असली की सांभाळणारीला जरा डोळा लागतो. हातात धातूचं कडं घालून त्यावर गावाचं नाव आणि मोबाईल नंबर कोरून घ्यावा. खिशातली चिठ्ठी धुण्यात जाते.

फवारणीची औषधं आणि तणनाशकाच्या बाटल्या कुलपात. रुग्ण सरबत समजून पिऊ शकतो, हे एक कारण. दुसरं कारणही सांगतो. सांभाळणारं माणूस पार खचलेलं असतं तेव्हा ती बाटली हाताशी नसलेली बरी. किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडं असावी.

कंबरेसाठी दोन गोष्टी. उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यात वाकायचं आणि रुग्णाला अंगाजवळ घेऊन पायावर जोर द्यायचा. ओढायचं काखेत हात घालून नाही. रुग्णाच्या अंगाखाली दुमडलेली चादर आडवी टाकून दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवायचं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. हे एकट्यानं होत नाही. पाळी लागते ती इथंच.

स्वतःला विचारायचे प्रश्न

सलग पंधरा दिवस, बहुतेक दिवशी, कशातच मन लागत नाही असं होतंय का? झोपायला वेळ मिळाला तरी झोप येत नाही का? जेवण तुटलंय का? उगाच रडू येतंय का? रुग्णावर ओरडणं रोजचं झालंय का, हात उचलला गेलाय का? आपण नसलो तर बरं, असं वाटतंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर त्याच दिवशी कुणालातरी सांगायचं. बाकीच्यांपैकी दोन-तीन हो असतील तर डॉक्टरला दाखवायचं, आणि तिथं 'सासूचा आजार' न सांगता स्वतःचा सांगायचा.

हात उगारला जातोय असं वाटलं की रुग्ण सुरक्षित बसलेला आहे ना एवढं बघून खोलीबाहेर पडावं. पाच मिनिटं गोठ्यात जावं, तोंडावर पाणी मारावं, मग परत यावं.

टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी 14416 या नंबरवर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. 2022 च्या ऑक्टोबरपासून ती सुरू आहे. ज्येष्ठांसाठी 14567 ही एल्डरलाइन आहे. सांभाळणारे नातेवाईकही तिथं विचारू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर तालुक्याला कुठल्या वारी येतात ते विचारून ठेवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर दोघांचे काढावेत.

कागदांचं वेळेत बघा

आजारापेक्षा बांधाच्या आणि बँकेच्या काळजीनं झोप उडालेली घरं मी बघितली आहेत. निदान लवकर झालं आणि माणसाला अजून कळतंय तोवर बँकेत वारस लावणं, खातं जोडखातं करणं, मृत्युपत्र करायचं असेल तर ते करणं, ही कामं वकील आणि डॉक्टरच्या समोर उरकावीत. एक गैरसमज गावात फार आहे, की मुख्त्यारपत्र करून ठेवलं की झालं. भारतीय करार कायद्यानुसार मुख्त्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते मुख्त्यारपत्र संपतं. नंतर कुणाचा अंगठा उठवून सातबारा हलवला तर कोर्टात तो टिकत नाही आणि भाऊबंदकी मात्र कायमची.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तपासणीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. जिल्हा रुग्णालयात त्याची सोय असते. त्यावर पुढं काय मिळतं ते तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत विचारावं. या चकरा सांभाळणारीनं मारायच्या नाहीत, घरात दुसरं कुणीतरी मारायच्या.

पाळी संपल्यावर

रुग्ण जातो. तेराव्याला लोक म्हणतात, सुटले बिचारे, आणि तूही सुटलीस. पण सांभाळणारीला रात्री दोन वाजता जाग येतेच. कडी वाजल्यासारखं होतं. आता काय करायचं ते सुचत नाही, कारण पाच-सात वर्षांत दुसरं काही केलेलंच नसतं. हे काही आठवड्यांत, काहींना काही महिन्यांत कमी होतं. तोवर दुपारच्या बाईला एकदम बंद करू नये, बहिणी-भावजयांनी फोन चालू ठेवावेत, माहेरी आठ-पंधरा दिवस जाऊ द्यावं. आणि महिन्याच्या आत तिची तपासणी करून घ्यावी: रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, डोळे, कंबरेचा एक्स-रे. इतकी वर्षं या तपासण्या पुढं ढकललेल्या असतात.